मेंदूचा फरक आणि पेठेची जबाबदारी

गंभीर वर्तनदोष असलेल्या मुलांच्या मेंदूविषयीचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वारंवार मारामाऱ्या, चोऱ्या, जनावरांचा छळ, मोडतोड आणि सततचा खोटेपणा ज्या मुलांत आढळतो, त्यांच्या अवस्थेला वैद्यकशास्त्र ‘कंडक्ट डिसऑर्डर’, म्हणजे आचरणविकार, असे नाव देते. ७ ते २१ वर्षे वयाच्या सुमारे २,४०० मुलामुलींच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा या अभ्यासासाठी तपासण्यात आल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हा विकार होता. मेंदूच्या बाह्य थराच्या ३४ विभागांपैकी २६ विभागांचे क्षेत्रफळ या मुलांत सरासरीने कमी आढळले. भय ओळखणारा अमिग्डला आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हे आतले भागही आकाराने लहान दिसले. ज्यांच्यात सहानुभूती आणि अपराधाची टोचणी कमी, त्यांच्यात हे फरक अधिक व्यापक होते.

दूरच्या प्रयोगशाळांतील या निष्कर्षांचा कसबा पेठेशी संबंध काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे साहजिक आहे. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवताचे देऊळ इथलेच, आणि तांबट आळीतला हातोड्याचा ठोकाही अजून पुरता थांबलेला नाही. आळीतला कारखाना, तालीम आणि गणेश मंडळ या तिन्ही ठिकाणी वाढत्या वयाच्या मुलाच्या अंगातल्या रगेला काही ना काही वाट मिळत असे. आज कारखान्यांत पोरांना शिकायला जागा उरलेली नाही आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. २०२२-२३ पासून ‘कोयता गँग’ हा शब्द मात्र पुण्याच्या वर्तमानपत्रांत रुळला. कोयता हाती घेणाऱ्यांत अल्पवयीन मुले असल्याचे वाचून शहर हादरले, आणि पेठेच्या कट्ट्यावर दोनच उत्तरे ऐकू येऊ लागली. एक म्हणतो, ‘हाडाचीच वाईट पोरं, ठोकून काढली पाहिजेत.’ दुसरा म्हणतो, ‘परिस्थितीच वाईट, पोरं काय करणार?’ नव्या संशोधनाने या दोन्ही उत्तरांना अडचणीत आणले आहे.

पहिले उत्तर जुने आहे. माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो या समजुतीला इंग्रज सरकारने १८७१ साली कायद्याचे रूप दिले आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातील पारधी, कैकाडी अशा अनेक जमातींवर तो शिक्का बसला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड जन्मलेल्या मुलाचा अपराध त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेला होता. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. त्याचा डाग अजून पुसलेला नाही. मेंदूच्या प्रतिमेचा असाच दुरुपयोग होणार नाही, याची हमी कोणी द्यावी? खुद्द पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूतील विद्युत्-स्पंदनांच्या चाचणीचा आधार घेतला होता. अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये दिला तेव्हा कुठे या उत्साहाला लगाम बसला. २०२४ च्या अभ्यासातील आकडे हे समूहाच्या सरासरीचे आहेत. एखाद्या मुलाची प्रतिमा पाहून तो उद्या कोयता उचलेल की नाही, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यांत नाही. हे फरक विकाराचे कारण आहेत की परिणाम, हेही या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही.

तथापि दुसरे उत्तर समाजवाद्यांच्या अधिक जवळचे असल्यामुळे त्याची झडती अधिक कठोरपणे घेतली पाहिजे. गुन्हा गरिबीतून जन्मतो असे म्हणताना कार्यकर्ता नकळत गरिबांचाच अपमान करतो, कारण दोन खोल्यांत सात माणसांच्या संसारात वाढलेली बहुसंख्य मुले कोणाच्याही अंगावर धावून जात नाहीत. १९७६-७७ मध्ये पुण्याला भयभीत करणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील आरोपी चित्रकलेचे शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. उपासमारीने त्यांना दहा खून करायला लावले नव्हते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. शहराने सुटकेचा श्वास टाकला. पण ही मुले अशी का घडली, या प्रश्नाचा पाठपुरावा झाला नाही. शिवाय ज्या आईचा मुलगा वयाच्या सहाव्या वर्षापासून आवरत नाही, तिला ‘परिस्थिती बदलेल तेव्हा सर्व ठीक होईल’ असे सांगणे हे तिला वाऱ्यावर सोडण्यासारखेच आहे. तिच्या मुलाला आज मदत हवी आहे.

वस्तुतः मेंदू आणि परिस्थिती हा झगडाच खोटा आहे. मेंदू हे अवयवांपैकी सर्वांत सावकाश घडणारे इंद्रिय आहे. आवेगाला आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीनंतरही पक्व होत राहतो. या दीर्घ काळात भूक, मारहाण, दुर्लक्ष आणि विषारी द्रव्ये यांचे ठसे त्यावर उमटतात. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते आणि त्यांचा चिडखोरपणा वाढवते, हे जगभर मान्य झालेले आहे. भारतातील पेट्रोलमधून शिसे २००० साली काढले गेले आणि रंगांतील शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला. तोवर किती पिढ्यांनी ते श्वासातून घेतले, याचा हिशेब कोणी मांडला आहे? रुमानियातील हुकूमशाही कोसळल्यानंतर तेथील अनाथालयांतील मुलांचाही असाच अभ्यास झाला. २००० च्या सुमारास १३६ मुले निवडून त्यांतील निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. जी मुले लवकर, विशेषतः दोन वर्षांच्या आत, माणसांच्या मायेत गेली, त्यांच्या मेंदूची विद्युत्-क्रिया पुढे इतर मुलांसारखी दिसू लागली. उशीर झालेल्यांचे मोठे नुकसान झाले. म्हणजे मेंदूतला फरक हा कपाळावरचा लेख नव्हे. वेळीच हात लावला तर त्यात बदल होतो, आणि तो हात कोणी लावायचा हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो.

कायद्याच्या दारातही हाच प्रश्न उभा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढ म्हणून न्यायालयात उभे करावे काय, हे ठरवण्यासाठी मंडळाने त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक पारख करायची असते. ही पारख नाजूक असून मंडळात जाणकार सदस्य नसल्यास मानसतज्ज्ञांचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. त्याच दिवशी त्याला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. संताप योग्यच होता. परंतु त्या संतापातून ‘सगळ्याच पोरांना प्रौढ समजा’ ही मागणी पुढे आली, तर तिचा पहिला फटका श्रीमंताच्या मुलाला बसणार नाही. त्याच्याकडे नामांकित वकील असतो. तो फटका गल्लीतल्या त्या मुलाला बसेल, ज्याच्या वतीने बोलायला मंडळापुढे कोणी उभे राहत नाही. जुलै २०२५ मध्ये मंडळाने कल्याणीनगरच्या मुलाला प्रौढ मानण्यास नकार दिला. हेच संरक्षण, आणि तितकीच बारकाईची पारख, कोयत्यासह पकडलेल्या मुलाच्याही वाट्याला आली पाहिजे. त्याची वस्तीतून धिंड काढल्याने काय साधते? ज्याला शिक्षेची भीती मुळातच कमी जाणवते, त्याला धिंड हा मान वाटण्याचाच धोका अधिक.

येथे कार्यकर्त्याला हाताशी धरता येईल असे साधनही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीला शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला असून, त्यात लहान मुलांसाठीच्या सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. हा हक्क पेठेत कोठे मिळतो, असा लेखी प्रश्न महापालिकेला विचारता येतो. महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून किती दिवस बालमानसतज्ज्ञ बसतो? महापालिकेच्या किती शाळांत समुपदेशक नेमलेला आहे? मारकुट्या मुलाचे नाव शाळेतून कमी करण्यापूर्वी त्याची तपासणी होते काय? या विकारावर लहान वयात सर्वाधिक उपयुक्त ठरलेला उपाय म्हणजे पालकांना दिलेले प्रशिक्षण: न मारता शिस्त कशी लावावी, चांगल्या वागणुकीची दखल कशी घ्यावी, याचे धडे. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत; प्रशिक्षित माणसे आणि संध्याकाळी उघडी असणारी एक खोली लागते. गणेश मंडळांकडे जागा आहेत, सेवा दलाच्या शाखांकडे मुलांत मिसळण्याची परंपरा आहे. महापालिकेने माणसे द्यावीत, म्हणून संघटनांनी आग्रह धरायचा आहे.

या मागण्या मिरवणुकीत शोभण्यासारख्या नाहीत, आणि त्यांचे फळ दिसायला दहा वर्षे लागतील. परंतु आज बालवाडीत दुसऱ्याला चावणारा, कोणाचे न ऐकणारा जो मुलगा आहे, त्याच्यासाठी ही दहा वर्षे सुरू झालेली आहेत. येत्या अंदाजपत्रकात त्याच्या नावाने तरतूद झाली नाही, तर त्याच्यावरचा खर्च पुढे पोलिसांच्या आणि येरवड्याच्या खात्यावर पडणार आहे.