हिशेब हा प्रामाणिक माणसाचा आधार

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. गोदामात येणारा व तेथून जाणारा प्रत्येक नग नोंदला जातो. त्यात कोणी अपमान मानीत नाही. मात्र गावोगावच्या शेतकरी मंडळांत व युवक मंडळांत “आपलीच माणसे, हिशेब कशाला?” असे सहज म्हटले जाते. हा समज घातक आहे.

हिशेब नसल्याने लबाड माणसाचे काहीच बिघडत नाही. नुकसान होते ते प्रामाणिक खजिनदाराचे. पदरमोड करून राबणाऱ्या या माणसावर वर्षअखेर संशय घेतला गेला, तर त्याच्याजवळ दाखवावयास कागद नसतो. तो दुखावून बाजूला होतो आणि पाठोपाठ मंडळही मोडते.

लहान मंडळास चार साधने पुरतात : क्रमांक छापलेले पावतीपुस्तक, खर्चाच्या पावत्यांची फाईल, रोजकीर्द आणि मंडळाच्या वस्तूंची नोंदवही. रोजकिर्दीत डावीकडे जमा व उजवीकडे खर्च त्याच दिवशी लिहावा. समजा, बारा सभासदांची प्रत्येकी १०० रुपये वर्गणी व फवारणी पंपाचे ३०० रुपये भाडे आले, तर जमा १,५०० रुपये झाली. पंपाच्या दुरुस्तीस ४५० रुपये गेले, म्हणजे शिल्लक १,०५० रुपये. पेटीतील व बँकेतील रक्कम मिळून तेवढीच भरली पाहिजे. चुकीची नोंद खरवडू नये. तिच्यावर एक रेघ ओढून सही करावी. मोबाईलवरून येणारी वर्गणीही खजिनदाराच्या खाजगी खात्यात न येता मंडळाच्याच खात्यात यावी.

हे काम अवघड नाही. महिला बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज व परतफेड यांच्या जोडीला अद्ययावत हिशेबलेखन हे पाचवे सूत्र आहे. बँकाही कर्ज देण्यापूर्वी गटाचे दप्तर पाहतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मंडळाची वही स्वतः लिहून देऊ नये. सभासदांना ती लिहावयास शिकवावे. दर महिन्याच्या बैठकीत जमा, खर्च व शिल्लक मोठ्याने वाचली जावी आणि दोन सभासदांनी खाली सही करावी. खळ्यावर भात मोजूनच घरात नेणाऱ्या शेतकऱ्यास ही शिस्त नवी नाही. स्वतःच्या धान्यास लावलेले माप त्याने सर्वांच्या पैशासही लावावे, एवढेच.