सास्तीचा पोरगा व्हेनिसला पोहोचला. गोंदियाच्या कलाकारांना पहिली भिंत कोण देणार?

गोंदिया : तान्ह्या पोळ्याचा नंदी रंगवणारा, झाडीपट्टीच्या नाटकाचा पडदा काढणारा, शाळेच्या भिंतीवर चित्रं काढणारा पोरगा जिल्ह्यात गावोगावी सापडतो. पण त्याचं काम त्याच्या नावानिशी लावायला जागा कुठं आहे? संग्रहालय म्हटलं की आपल्याला जुन्या मूर्ती अन् नाणीच आठवतात. आज काम करणाऱ्या कलाकाराचं काय?

याचं एक उत्तर विदर्भातच आहे. प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावचे. घरची माणसं खाणीत कामाला. त्यांनी शेजारच्या छत्तीसगडमधल्या खैरागड कला विद्यापीठात आणि पुढे बडोद्यात शिल्पकला शिकली. मात्र शिक्षण झालं तरी नवख्या कलाकाराला मोठी दालनं लगेच दार उघडत नाहीत.

मुंबईत रीगल सिनेमाजवळ 2010 मध्ये ‘क्लार्क हाऊस’ सुरू झालं. झाशा कोला आणि सुमेश शर्मा यांनी ते उभं केलं आणि तरुण कलाकारांनी संघासारखं मिळून चालवलं. भव्य इमारत नव्हती, नव्या कामाला जागा मात्र होती. तिथं 2012 मध्ये पाचपुतेंचं प्रदर्शन लागलं. हाती कोळसा आणि विषय खाणमजुराचं जगणं. 2022 मध्ये त्यांचं काम इटलीतल्या व्हेनिस बिएनाले या जगप्रसिद्ध प्रदर्शनात पोहोचलं.

सगळं श्रेय एका जागेचं नाही, मेहनत त्यांचीच. पण पहिली भिंत मिळाली नसती तर वाट लांबली असती.

इथं काय करता येईल?

संस्था नोंदणी कायदा, 1860 नुसार किमान सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. कला शिक्षक, पडदे रंगवणारे, मूर्तिकार मिळून सात जण जमणं अवघड नाही. गावात वापरात नसलेली खोली असेल तर ग्रामपंचायतीकडे रीतसर मागणी करता येते.

खरी अडचण पुढं आहे. वीजबिल कोण भरणार, कुलूप कोण उघडणार, कोणाचं काम लावायचं हे कोण ठरवणार? हे नियम आधी कागदावर हवेत. चित्राखाली कलाकाराचं नाव, गाव आणि किंमत हवी. विकलं तर कलाकाराला किती, संस्थेला किती, हेही आधीच ठरायला हवं. नाहीतर उद्घाटनाची रिबीन कापली जाते अन् दुसऱ्या वर्षी खोलीत धानाची पोती दिसतात.

निधी नंतर मागता येईल. चालवणारे कलाकार आधी एकत्र यायला हवेत.