बाईचा पगार कसा ठरवाल?

मैत्रिणींनो, नवी कामवाली बाई ठेवायची म्हटले की आपण पहिली चौकशी शेजारी करतो. "तुम्ही भांड्यांचे किती देता हो? नि धुण्याचे?" शेजारीण सांगेल तोच आकडा आपला. तिने तरी तो कुठून आणला? तिच्या शेजारणीकडून! या साऱ्या चौकशीत एक प्रश्न मात्र राहूनच जातो. तेवढ्यात त्या बाईचे घर चालते का?

आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे, असे तत्त्व सांगितले आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेबही घालून दिला. कुटुंबाला पुरेसे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. म्हणजे आधी संसाराचा खर्च मांडायचा, मग पगार ठरवायचा. आपल्याला हे काही नवे नाही, दर महिन्याला वहीत आपण तेच तर करतो!

आता हाच हिशेब आपल्या बाईसाठी करून पाहू. समजा, तिच्या संसाराला महिन्याला १८,००० रुपये लागतात. (आकडा आपापल्या गावचा घ्या. तिच्या वस्तीतले भाडे, किराणा, मुलांची फी तिलाच विचारा.) ती आठ तास घराबाहेर असते, पण या घरातून त्या घरात जाण्यात वेळ मोडतो. प्रत्यक्ष काम सहा तासांचे. चार सुट्ट्या आणि एखादा खाडा धरून २५ दिवस, म्हणजे महिन्याचे १५० तास. तासाला १२० रुपये पडले. तुमच्याकडे ती रोज दीड तास राबत असेल, तर तुमचा वाटा ४,५०० रुपये. आता तुम्ही देता तो आकडा याच्या शेजारी लिहून पाहा.

"पण तिचा नवरा कमावतो ना!" असे कुणी म्हणेल. आपल्या घरातल्यांचा पगार ठरवताना ऑफिसात कुणी असे विचारते का? "आम्ही जुनी साडी देतो, उरलेसुरले देतो." जरूर द्यावे, पण त्याने घरभाडे भागत नाही. "आमचंच भागत नाही हो, महागाई किती!" खरे आहे. नोकरदारांच्या घरात निदान महागाई भत्ता येतो. बाई तूरडाळ त्याच बाजारातून घेते, तिला भत्ता कोण देणार? अगदीच परवडत नसेल तर काम कमी सांगा. धुणे घरी करा, भांडी तिला द्या. पण तासाचा दर कमी करू नका.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, तो पगारवाढ आणि हक्काच्या सुट्टीसाठीच. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, नोंदणीची सोय झाली. तरी तिच्या हातात महिन्याला किती पडायचे, हे बहुतेक घरांत अजून गृहिणीच ठरवते. म्हणून एवढे आपल्या घरापुरते ठरवून टाका:

• आठवड्याची सुट्टी पगारी.
• आजारपणाचे खाडे कापायचे नाहीत.
• मे महिन्यात आपण माहेरी गेलो, तरी तिचा पगार पुरा.
• दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस.
• दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, तिने मागण्याआधी पगारवाढ.

आणि शेजारीण पुन्हा विचारायला आली, तर तिला आकड्याबरोबर हा हिशेबही सांगा!