काळ्या काचेचा हिशेब

उन्हाळ्याचा चटका बसू लागला की आपल्या मंगळवार पेठेत हा प्रश्न हमखास निघतो : गाडीच्या काचांना फिल्म मारून घ्यावी काय? एके काळी आपल्या घरी सायकल असली तरी पुष्कळ होते. आता कुणाच्या मुलाने कर्ज काढून जुनी मोटार घेतली आहे, कुणी टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर आहे, तर कुणी शेजारच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेजमध्ये राबतो. त्यामुळे हा विषय केवळ बंगलेवाल्यांचा राहिलेला नाही. पाचशे रुपयांची पावती मालकाच्या खिशाला जाणवत नाही. ड्रायव्हरच्या घरी मात्र तेवढ्यात आठवड्याचा भाजीपाला येतो.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० प्रमाणे गाडीच्या पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. हा नियम केंद्राचा आहे. म्हणून कोगनोळीचा नाका ओलांडून बेळगावला गेलात, तरी तो बदलत नाही.

पूर्वी लोक म्हणत, ‘आमची फिल्म या मापात बसते.’ कोलकात्याच्या अविषेक गोएंका यांनी याविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २७ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने निकाल दिला. काच कारखान्यातूनच थोडी रंगीत आली असेल आणि मापात असेल तर हरकत नाही, पण गाडी घेतल्यावर तिच्यावर काळी फिल्म चिकटवायची नाही, मग ती किती का टक्क्यांची असेना. ४ मे २०१२ पासून बंदी लागू झाली. नुसता दंड करून सोडू नका, फिल्म तिथल्या तिथे काढायला लावा, असेही पोलिसांना बजावले. मोठ्या पदावरच्या माणसांच्या गाड्यांनाही आपोआप सूट नाही. ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे अशा झेड व झेड प्लस सुरक्षेतल्या व्यक्तींपुरताच अपवाद ठेवला आणि तोही समितीच्या परवानगीने. म्हणजे साहेबांची गाडी असो की आपली जुनी मारुती, नियम एकच.

अलीकडे दुकानदार सांगतात, ‘आता कायदा बदलला, पन्नास नंबरची फिल्म चालते.’ यात थोडे खरे आहे आणि बरेच अर्धवट आहे. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. त्याचा आधार घेऊन सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की, ७० आणि ५० चे माप पाळून अशी फिल्म लावता येईल. पण तो निकाल केरळचा. आपल्याकडे वाहतूक पोलीस २०१२ च्या निकालावर बोट ठेवून पावती फाडतात. रस्त्यात उभे राहून केरळचा निकाल वाचून दाखवणे आपल्या ड्रायव्हरला परवडणारे नाही.

शिवाय दुकानदाराच्या ‘पन्नास नंबर’मध्ये हिशेबाची गफलत असते. माप एकट्या फिल्मचे धरत नाहीत, काच आणि फिल्म मिळून धरतात. समजा, बाजूची मूळ काच ७५ टक्के उजेड सोडते. त्यावर ५० ची फिल्म लावली तर ७५ चे निम्मे, म्हणजे ३७.५ टक्केच उजेड आत येतो. माप चुकलेच. पुढच्या ७५ च्या काचेवर अगदी पांढरी दिसणारी ९० ची फिल्म लावली तरी ६७.५ टक्के होतात, आणि हवेत ७०. म्हणून रोलवरचा आकडा पाहून पैसे मोजू नयेत.

हा नियम कशासाठी, हेही ध्यानात घ्यावे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ज्या बसमध्ये एका मुलीवर अत्याचार झाला, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. आत काय चालले आहे, ते रस्त्यावरच्या कुणाला दिसले नाही. आपल्या लेकीबाळी रात्री रिक्षाने, टॅक्सीने घरी येतात. काच स्वच्छ असणे ही त्यांचीही राखण आहे. दुसरे कारण रोजचेच. मिरजकर तिकटीच्या गर्दीत सायकलवाला ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो, याने आपल्याला पाहिले की नाही. काळ्या काचेमागे चेहरा दिसत नाही. आणि संध्याकाळी बोळात गाडी मागे घेताना ड्रायव्हरलाही मागे खेळणारे पोर दिसत नाही.

आता दंडाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १५०० रुपयांपर्यंत. ई-चलन गाडीच्या नंबरावर पडते, पण मालक ते पगारातून कापून घेईल, अशी भीती ड्रायव्हरला असते. मालकाने फिल्म लावायला सांगितली असेल तर कामावर लागतानाच स्पष्ट बोलून घ्यावे : ‘साहेब, काचेचा दंड गाडीचा, माझा नव्हे.’ मोबाइलवर तसा निरोप लिहून ठेवला तर आणखी बरे.

जुनी गाडी घेताना काच अर्धी खाली करून वरची कड निरखावी. फिल्म असेल तर तिची किनार कडेच्या किंचित खाली संपलेली दिसते, नख लावले की कळते. पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याकडूनच ती काढून घ्यावी आणि गाडीच्या नंबरावर किती चलने बाकी आहेत, तेही पाहावे. मागच्या काचेवर बारीक आडव्या तारा असतील तर तिथे ब्लेड लावू देऊ नये. तारा तुटल्या की पावसाळ्यात त्या काचेवरची वाफ जात नाही. फिल्म गरम हवेने सैल करून हळू सोलावी आणि राहिलेला डिंक साबणाच्या पाण्याने पुसावा.

मग उन्हाचे काय? गाडी उभी असताना पुढच्या काचेच्या आतून चंदेरी पत्रा किंवा पुठ्ठा लावावा आणि निघताना काढून ठेवावा. निघाल्यावर पहिली दोन मिनिटे सगळ्या काचा उघड्या ठेवाव्यात, कोंडलेली गरम हवा निघून जाते, मग एसी लावावा. चालत्या गाडीत जाळी किंवा पडदा लावू नये. आणि बाहेर ३५ अंश असले तरी बंद गाडीत तासाभरात पारा पन्नाशीपलीकडे जातो. तेव्हा ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून लेकराला कधीही आत बसवून जाऊ नये. फिल्म असली तरीही नाही.

फिल्मला जे पैसे घालणार होतात, त्यात चाकांची हवा, ब्रेक आणि वायपर तपासून घ्या. घरचे माणूस सुखरूप परत येते ते त्यांच्या भरवशावर.