साबणाचं गाणं आणि आपलं सोवळं

"जाहिरातीत गातो तो गायकच नव्हे" असं म्हणणाऱ्यांशी आज मला भांडायचं आहे. मंडळी, त्यातले निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि ते हा ब्लॉग वाचतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

३१ मे २०२२ ला केके गेला. कोलकात्याच्या नजरुल मंचावर कार्यक्रम केला, आणि त्याच रात्री गेला. वय ५३. आमच्याकडची पोरं दोन दिवस त्याचीच गाणी लावून बसली होती, आणि एरवी नव्या गाण्यांना नाक मुरडणारी आमच्या वयाची मंडळीसुद्धा "आवाज होता हो पोराचा" म्हणत होती. होताच. पण तो आवाज कुठे घडला ते कुणी बोललं नाही. दिल्लीत वाढलेला हा मल्याळी मुलगा, किरोडीमल कॉलेजचा, गाण्याची रीतसर तालीम नाही. १९९४ मध्ये मुंबईत आला. खरं नाव झालं १९९९ मध्ये, 'हम दिल दे चुके सनम' आणि त्याचा स्वतःचा 'पल' हा अल्बम आला तेव्हा. मधली पाच वर्षं प्रामुख्याने जाहिराती गाऊन काढली. पहिली संधी लेस्ली लुईसनं दिली, तीही कापडाच्या जाहिरातीची. साडेतीन हजार जिंगल्स, अकरा भाषांत, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात.

आता मी पडलो शिक्षक. साडेतीन हजार गुणिले तीस सेकंद, म्हणजे जवळपास २९ तास. एकोणतीस तास हा माणूस आपल्या घराघरांत गायला आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

हा काही एकटा नाही. शंकर महादेवन चेंबूरचा, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून गाण्यात आला तोही जाहिरातींच्या वाटेनं. एहसान नूरानी (हे गिटारवाले) आणि लॉय मेंडोन्सा हेही त्याच वाटेवरचे. या तिघांनी पुढे 'दिल चाहता है' (२००१) केला, रॉक बँडवरचा 'रॉक ऑन' (२००८) केला, आणि २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'ला संगीत दिलं. त्यात शंकर स्वतः पंडितजी झाला आणि आपण टाळ्या वाजवल्या. ए. आर. रहमान मद्रासला 'नेमेसिस ॲव्हेन्यू' नावाच्या रॉक बँडमध्ये वाजवायचा आणि १९९२ च्या 'रोजा'आधी काही वर्षं जाहिरातींचं संगीत करत होता. साहेबाच्या देशातही तेच. रोलिंग स्टोन्स म्हणून प्रसिद्ध मंडळी आहेत ना, ती जगभर नाव होण्याआधी, १९६४ मध्ये, सकाळच्या न्याहारीच्या तांदळाच्या कुरमुऱ्यांसाठी टीव्हीवर गायली होती. धानाच्या जिल्ह्यात आयुष्य गेलेल्या मला ही गोष्ट फारच आवडली :)

आणि आपले अशोक पत्की! 'केतकीच्या बनी'ची चाल ज्यांची, त्यांनी जाहिरातींच्याही अगणित चाली बांधल्या. त्यांनाच 'अंतर्नाद' या कोकणी चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८८ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर 'मिले सूर मेरा तुम्हारा' आलं, त्यात भीमसेनजींबरोबर पत्की होते, लुई बँक्स होते. कल्पना जाहिरात कंपनीतल्या सुरेश मलिकांची, शब्द पीयूष पांडे यांचे. म्हणजे जे ऐकताना आपण उभे राहून डोळे पुसतो, ते साबण-चहा विकणाऱ्यांच्या कारखान्यातून आलेलं आहे. मग बाटलं का ते?

मला तर हे सोवळं कुठून आलं तेच कळत नाही. बडोद्याच्या दरबारी फैयाज खाँसाहेब पगारावर होते. तो राजाश्रय. राजाश्रय म्हटलं की मान झुकते, साबणाश्रय म्हटलं की नाक मुरडतं! आमच्या पिढीनं सिनेमाची गाणी ऐकली ती रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या 'गीतमाले'त, आणि त्या कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्ट होती. विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरहून. मी तेव्हा शाळकरी होतो. कवितेच्या आधी आम्हाला जाहिराती पाठ व्हायच्या आणि गुरुजी त्यासाठी छड्या मारायचे. (पुढे मीही गुरुजी झालो, पण त्या कारणासाठी छडी उचलली नाही.)

त्याही मागे जा. आपल्या आठवडी बाजारात दंतमंजन विकणारा गळ्यात पेटी अडकवून गायचा. दिवाळीनंतर मंडई भरते तेव्हा रात्रीच्या नाटकाची हाळी द्यायला भोंग्याची गाडी गावोगाव फिरते, आणि त्या गाडीत बसलेला पोरगा जे गातो त्यावर तंबू भरतो. झाडीपट्टीच्या नाटकाला ज्यांनी भरभरून दाद दिली, त्यांनी त्या गाडीतल्या पोराला कधी चहा पाजला का? तो कोण, हेही विचारलं नाही. दंडारीत नाचणाऱ्याला गाव नावानं ओळखतं, भोंग्यातल्या आवाजाला मात्र नाव नसतं.

गंमत अशी की नाव झाल्यावर जाहिरात केली तर आपली काही हरकत नसते. गोव्याचा रेमो फर्नांडिस आधीच गाजलेला होता, १९९० च्या सुमारास थंड पेयाच्या जाहिरातीत आला, पोरं खूश. उस्ताद झाकीर हुसेन चहाच्या जाहिरातीत आले, आपण त्यांच्यासारखी मान हलवून चहा प्यायलो. मोठा माणूस खाली उतरून विकतो तेव्हा ते कौतुक, आणि लहान माणूस त्याच जिन्यानं वर चढतो तेव्हा ते 'धंदेवाईकपणा'.

आता हे सगळं आज का आठवलं? माझ्या भाच्याची मुलगी नागपूरला शिकते आणि गाते. मागच्या वर्षी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी गायली. लग्नाच्या पंगतीत, चारचौघांत, आमच्यातल्याच एका ज्येष्ठ गृहस्थांनी तिला विचारलं, "साड्या विकायलाच गाणं शिकलीस काय वं?" लोक हसले. ती पोर हातातला घास टाकून उठून गेली. गृहस्थांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांना ते ठाऊक आहे. एवढंच विचारतो, आपल्याकडच्या किती मुली स्वतःच्या गळ्यावर स्वतःची फी भरतात?

जाहिरात खोटं बोलते, हे मला मान्य. काळ्या मुलींना गोरं करणाऱ्या मलमाचं गाणं कुणी गाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पोरीलाही मी ते सांगितलंय. पण खोट्या मालाला नाही म्हणणं वेगळं, आणि तीस सेकंदांच्या गाण्याला हलकं म्हणणं वेगळं. तीस सेकंदांत ताल सांभाळायचा, शब्द स्वच्छ लावायचा, मालाचं नाव नीट ऐकू जायला हवं आणि तरी ते गाणंच वाटायला हवं. अनोळखी भाषेत गायचं तर उच्चार कागदावर उतरवून घ्यायचे. स्टुडिओचं घड्याळ डोक्यावर असतंच. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी घरच्या आरतीत एकदा मोबाईलवर तीस सेकंद रेकॉर्ड करून पाहावं..

ज्याच्याबद्दल खरंच ओरडायला हवं ते वेगळंच आहे. नाव! १९४९ मध्ये 'महल' आला तेव्हा गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं, ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. सिनेमाचा पार्श्वगायक त्या काळी जिथे उभा होता, तिथेच जाहिरातीचा गायक आजही उभा आहे. सिनेमाला श्रेयनामावली असते, जाहिरातीला नसते. नाव नाही म्हणून पुढचं काम मागायला तोंड नाही, आणि बहुतेकदा एकदाच पैसे, मग ती जाहिरात दहा वर्षं वाजो.

त्यात आता यंत्रं आवाजाची नक्कल करू लागली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाला अशा नकलेपासून संरक्षण दिलं. चांगलं झालं. पण अरिजितचा आवाज सगळे ओळखतात, म्हणून नक्कल ओळखू आली. आमच्या पोरीचा आवाज कुणी चोरला तर ती कोर्टात काय दाखवणार? ज्या जाहिरातीवर तिचं नावच नाही, तो आवाज तिचा आहे हे कोण सांगणार? पंगतीत हसणाऱ्यांनी या प्रश्नावर दोन मिनिटं घालवली असती तर मी त्यांना जिलेबी वाढली असती.

असो. जाहिरातवाल्यांनी निदान इंटरनेटवर जाहिरात टाकताना खाली गायकाचं, चाल लावणाऱ्याचं नाव लिहावं. त्याला सेकंदही लागत नाही आणि पैसाही. ते लिहीत नाहीत तोवर पोरीला मी एक दोनशेपानी वही घेऊन दिली आहे. तारीख, स्टुडिओ, कशाची जाहिरात, किती सेकंद, पैसे किती, कागदावर सही काय म्हणून केली. सहीआधी कागद वाचायचा, आणि 'आवाजाचा कोणताही वापर' असे शब्द दिसले तर खोडायला सांगायचं, हे पहिल्या पानावर मी माझ्या अक्षरात लिहिलंय. परवा फोनवर म्हणाली, आजोबा, नऊ नोंदी झाल्या, आणि एका ठिकाणी खरंच ते शब्द खोडून दिले.