दिवा विझला, तेल तसंच

गेल्या मार्चमध्ये गाडी सर्व्हिसिंगहून आली तेव्हा मीटरमधलं पिवळं पान्याचं चिन्ह गेलेलं होतं. बिलात इंजिन ऑइल होतं, फिल्टरही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून गेज काढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल डांबरासारखं काळं. डिझेलच्या गाडीत नवं तेलही लगेच काळवंडतं. पण माझी गाडी पेट्रोलची. तिच्यात ते दुसऱ्या दिवशी मधाच्या रंगाचंच दिसायला हवं. पैसे तेलाचे घेतले आणि विझवला फक्त दिवा.

गेज पाहायची सवय वडिलांची. ते एसटीच्या कराड डेपोत मेकॅनिक होते. तेल-पाणी पाहिल्याशिवाय गाडी हलू द्यायचे नाहीत. मी बावीस वर्षं गाझियाबादला, इंदिरापुरममध्ये राहते आणि मयूर विहारच्या शाळेत शिकवते. त्या सकाळी ठरवलं, यापुढे तेल आपणच बदलायचं.

पान्याचा तो दिवा तेल तपासतो, असं माझ्या सोसायटीत बहुतेकांना वाटतं. माझ्या गाडीसारख्या साध्या गाड्यांत तो फक्त किलोमीटर आणि महिने मोजतो. माझ्या गाडीत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष. पण त्याच मॅन्युअलमध्ये पुढे बारीक अक्षरांत लिहिलंय की धूळ, सतत थांबत-थांबत चालवणं, जवळच्या फेऱ्या असतील तर तेल निम्म्या अंतरावर बदला. हे तर आमच्या गावाचंच वर्णन झालं! शाळेच्या वाटेवर गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ गाडी वीस मिनिटं एका जागी उभी असते. इंजिन चालू, तेल तापतंय आणि मीटरवर एक किलोमीटरही पडत नाही. म्हणून मी 5,000 ला बदलते. (लाल किटलीचा दिवा मात्र निराळा. तो तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. तो लागला की गाडी तिथंच बंद करायची.)

काम तासाभराचं आहे. इंजिन थोडं कोमट करायचं, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, जायचं नाही. चेंबरचा नट सोडून तेल पूर्ण गळू द्यायचं, वॉशर नवा घालायचा, नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट फिरवून तो हातानेच आवळायचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं तेल भरून, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करायचं, गाडी स्टँडवरून उतरवून जरा वेळाने गेज पुन्हा पाहायची. दिवा सगळ्यात शेवटी. माझ्या गाडीत मीटरचं बटण दाबून धरत किल्ली फिरवायची आणि दहा सेकंद थांबायचं. प्रत्येक गाडीची रीत वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये सापडते.

खरा प्रश्न त्यानंतरचा. सव्वातीन लिटर जुनं तेल टाकायचं कुठं? कबाडीवाला पैसे देऊन न्यायला तयार होता. कुठं जातं विचारलं तर म्हणाला, शटरिंगच्या फळ्यांना लावतात. म्हणजे शेवटी माती, नाला आणि मग आधीच काळी झालेली आमची हिंडन नदी. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकणारा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. पण घरी तेल बदलणाऱ्या माणसाला ते नेऊन द्यायला आमच्या भागात जागाच नाही. जवळच्या तीन पंपांवर मी विचारून आले. तिन्ही ठिकाणी नवं तेल विकायला होतं, जुनं घ्यायला कुणी तयार नव्हतं.

जिथं नवं तेल विकतात, तिथं जुन्यासाठी एक पिंप ठेवणं सरकारने कंपन्यांना सक्तीचं करावं. गाझियाबादेतही आणि पुण्या-नागपुरातही. तुमच्या पंपावर जाल तेव्हा तुम्हीही ते मागा. माझे दोन डबे झाकण घट्ट लावून, नाव-तारीख टाकून, बाल्कनीत ठेवलेत. पिंप येईपर्यंत ते तिथंच राहतील.