हवामानाचा अंदाज आणि कायद्याचे बंधन

पावसाचा अंदाज चुकला की वेधशाळेस हसावयाचे, हा आम्हां शेतकऱ्यांचा जुना शिरस्ता होय. परंतु अंदाज सुधारण्यास सरकारास बांधून घ्यावे, हा विचार आपण क्वचितच करतो.

अमेरिकेत तो झाला आहे. तेथे १८ एप्रिल २०१७ रोजी हवामान-संशोधनाचा स्वतंत्र कायदा झाला. टॉर्नेडो नामक वावटळीची सूचना तासाहून अधिक आधी देण्याचे ध्येय त्याने घालून दिले. तसेच दोन आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचे अंदाज सुधारून त्याविषयी दीड वर्षात कायदेमंडळास अहवाल द्यावा, असे बंधनही घातले.

आपल्याकडे काय झाले? जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रांत २०१८ पासून हवामान-सल्ला केंद्रे निघाली. ही १९९ केंद्रे २०२४ साली बंद करण्यात आली. आणि त्याच साली ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २००० कोटी रुपये मंजूर झाले! नवी रडारे येणे इष्टच. पण त्यांचे ज्ञान बांधापर्यंत पोचविणारा मनुष्य नसेल, तर दुबार पेरणीचे बियाणे व मजुरी आमच्याच पदरची जाणार.

कायद्याने पाऊस पडत नाही, हे खरे. परंतु जे हुकुमाने निघते ते हुकुमाने मोडते. कायद्याने ठरलेल्या कामाचा जाब मात्र विचारता येतो. म्हणून अशा कायद्याची मागणी प्रत्येक सभासदाने आपल्या लोकसभा-प्रतिनिधीकडे लेखी करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.